बाराशे ग्रॅमचे खोटे

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटा. तुमच्या पायाखाली जमीन नाही, ढग आहेत असे समजा. ढगांच्या वर एक डोंगर आहे. डोंगराच्या अंगावर दगडी घरे एकाच्या खांद्यावर एक अशी बसली आहेत आणि त्यांच्या सपाट धाब्यांवर जर्दाळू वाळत पडले आहेत. त्या वासाने सगळे गाव अर्धवट झोपेत असल्यासारखे दिसते. गावाच्या खालच्या अंगाला एक लांब, बसकी इमारत आहे, ती दिसते का? पूर्वी ते लोकरीचे कोठार होते. आता ती कुस्तीची तालीम आहे. दार हळूच ढकला. खिडकीखालच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचे पोपडे उडालेला जो कोणी उभा आहे, तो मी.

मी एक जुना वजनकाटा आहे. वय साठीच्या पुढचे. पायाशी चौकोनी लोखंडी पाट, त्यातून वर गेलेला खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारी दोन वजने, एक मोठे, एक छोटे. दांडीच्या टोकाला बोराएवढा पितळी नट आहे. पाट रिकामा असताना दांडी अगदी सरळ राहावी म्हणून तो थोडा आत किंवा बाहेर फिरवायचा असतो. हा नट लक्षात ठेवा.

माझा जन्म दूरच्या सपाट मुलखातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही शंभर भाऊ एका रांगेत उभे होतो. एका बाईने माझ्या दांडीवर रेघा कोरल्या. कोरताना ती काहीतरी गुणगुणत होती. त्या गाण्याचा ताल माझ्या अंगात राहून गेला असावा, कारण स्थिर होण्याआधी मी नेहमी तीनदाच झुलतो. मग मला एका ट्रकमध्ये घालून दागेस्तानच्या या डोंगरांत आणले. वाटेत इतकी वळणे होती की माझी दोन्ही वजने रडवेली झाली.

इथे सामुदायिक शेतीचे लोकरीचे कोठार होते आणि त्याचा राखणदार होता चुपान, बावीस वर्षांचा, मिशा नुकत्याच जमू लागलेला. रोज सकाळी तो माझा पाट बाहीने पुसायचा, बिस्मिल्ला म्हणायचा आणि नट फिरवून दांडी सरळ करायचा. मेंढपाळ घोड्यांवर लोकरीचे गठ्ठे घेऊन यायचे. एखादा हळूच म्हणायचा, "चुपान, जराशी ओली आहे, चालेल ना?"

चुपान वर न बघता म्हणायचा, "पाणी नदीवर नेऊन वीक. इथे लोकर तोलतात."

चुपानने सांगितलेले वजन आसपासच्या चार गावांत कोणी पुन्हा तोलून पाहत नसे. तशी पद्धतच नव्हती. पुन्हा तोलायचे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटा म्हणायचे. आमच्याकडे भल्या माणसाला असे कोणी म्हणत नाही, आणि पुढे तो वडील झाल्यावर तर नाहीच.

पुढे सामुदायिक शेती मोडली. गठ्ठे येईनासे झाले. माझ्या पाटाखाली उंदरांनी घर केले. ती वर्षे मला धुक्यासारखी आठवतात. बर्फ पडायचे, वितळायचे, आणि मला स्वप्नात पांढरी लोकर दिसायची, डोंगराएवढी, पण वजन अजिबात नसलेली.

एके दिवशी तागीर वस्ताद आले. गाद्या शिवून त्यांनी कोठारभर मॅट अंथरली. मला पाहून म्हणाले, "हे भंगार कोणाचं?"

चुपान दारात उभा होता. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. "आधी मला भंगारात द्या," तो म्हणाला, "मग त्याला."

वस्तादांनी दोघांनाही ठेवून घेतले. मुलांना वजनानुसार जोड लावायची असते ना, त्यासाठी मी. आणि चुपान आजोबा तालमीचे राखणदार.

इथेच एका सकाळी सैपुला पहिल्यांदा माझ्यावर चढला. नऊ वर्षांचा, बोटभर जाडीचा. चुपान आजोबांनी वजने सरकवली. "एकतीस."

"या काड्यांचं एकतीस?" वस्ताद म्हणाले. "पोरा, जरा उडी मार बघू."

सैपुलाने उडी मारली आणि त्याचे खिसे खडखडले. खिशांतून, मोज्यांतून, टोपीतून नदीतले गोटे निघाले. गोट्यांशिवाय तो सव्वीस किलोचा भरला.

"कशाला रे?" वस्तादांनी विचारले.

"मोठ्या गटात गिरणीवाल्याचा मुलगा आहे. त्याने माझी टोपी नदीत फेकली. मला त्याला पाडायचंय."

"मग पाच किलो पोटात भर," चुपान आजोबा म्हणाले, "खिशात नाही. आणि माझ्या काट्याला पुन्हा फसवलंस तर तुझी दुसरी टोपी मी फेकीन."

दीड वर्षाने तो एकतीस किलोचा झाला आणि त्याने गिरणीवाल्याच्या मुलाचा पट काढला. त्या दिवशी दोघांनी मिळून माझ्या पाटावर बसून टरबूज खाल्ले.

मित्रांनो, लोक सैपुलाला त्याच्या लढतींवरून ओळखतात. मी त्याला किलोंवरून ओळखतो. पंधराव्या वर्षी छप्पन्न. सतराव्या वर्षी त्याचे वडील गेले तेव्हा एका महिन्यात चार किलो कमी. दुःखाला वजन असते असे लोक म्हणतात. माझ्या दांडीवर मात्र ते नेहमी वजाच दिसले आहे. मग तो मखाचकला शहरात गेला आणि कुस्तीच्या जोडीला ठोसे, लाथा, सांधे आवळायच्या पकडी असे सगळे शिकला. या सगळ्याची मिळून एक लढत असते. ती जाळीच्या गोल पिंजऱ्यात होते म्हणे. मी तो पिंजरा कधी पाहिला नाही. माझ्या स्वप्नात तो मेंढ्यांच्या वाड्यासारखा दिसतो आणि आत सैपुला एकटा उभा असतो, पहाटेच्या धुक्यात.

त्याची लढत असली की गाव दुकानातल्या टीव्हीपुढे जमायचे. त्याची आई मात्र गोठ्यात जाऊन बसायची आणि बाहेर आरडाओरडा झाला की गाय पिळायला घ्यायची. एकदा पाचव्या फेरीपर्यंत लढत गेली. बिचाऱ्या गाईला तीनदा पिळले.

अठ्ठाविसाव्या वर्षी तो विजेता झाला. डोंगराच्या पायथ्यापासून मोटारींची रांग लागली होती. पण आईला आणि मशिदीतल्या मंडळींना भेटून तो आधी तालमीत आला, विजेत्याचा पट्टा खांद्यावर टाकून माझ्यावर चढला आणि म्हणाला, "आजोबा, सांगा, याचं किती?"

"पट्ट्याचं पाच," चुपान आजोबा म्हणाले. "डोक्यात हवा गेली असेल तर ती काट्यावर येत नाही."

सगळे हसले. फोटो काढणाऱ्यांनी माझेही फोटो काढले. तेव्हाच आजोबांची नात मार्झियात गर्दीतून पुढे आली. तालुक्याला मुलींच्या कुस्त्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि सात वर्षांची ही पोरगी वस्तादांच्या मागे लागून तालमीत शिरली होती. तिने विचारले, "सैपुलादादा, विजेता व्हायला काय करायचं असतं?"

"जेवण सोडायचं," तो गमतीने म्हणाला. "दुसरं काय?"

तो विसरला. ती विसरली नाही.

आता मला जे सांगायचे आहे ते थोडे जड आहे. सैपुला ज्या गटात लढायचा, त्याची मर्यादा सत्तर किलो तीनशे ग्रॅम. त्याचे खरे वजन ब्याऐंशीच्या आसपास असायचे. लढतीआधी खाणे तोडून, शेवटी अंगातले पाणीही घाम काढून घालवून तो मर्यादेत बसायचा. लढतीच्या आदल्या दिवशी सर्वांसमोर वजन होते. विजेता शंभर ग्रॅमने जरी जास्त भरला तरी पट्टा गेला. हे त्या खेळातले सगळेच करतात, पण सगळे करतात म्हणून शरीराला ते आवडत नाही. विशीत त्याचे शरीर मुकाट्याने ऐकायचे. एकतिसाव्या वर्षी ते ऐकेनासे झाले.

पट्टा राखायची ही त्याची तिसरी लढत होती. सराव गावातच चालला होता. शहरातल्या एका मित्राने त्याला काचेचा, आकडे उजळणारा नवा काटा भेट दिला होता. वस्ताद म्हणाले, "तोही ठेवू या की इथे."

"नको," सैपुला म्हणाला. "आजोबांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या काट्यावर कसा चढू? आणि त्या काचेवर उभं राहिलं की आपल्याला बाजारात विकायला ठेवलंय असं वाटतं."

काचेचा काटा त्याच्या आईने पीठ तोलायला घेतला.

गाव सोडायच्या दोन दिवस आधी, रविवारी सकाळी, माझ्यावर तो पंचाहत्तर किलो चारशे भरला. निघताना चौऱ्याहत्तर हवे होते. तो भिंतीला टेकून बसला. ओठांवर सालपटे आली होती.

"आजोबा," तो म्हणाला, "काल स्वप्नात मी नदी झालो होतो. वाहत होतो आणि स्वतःलाच पीत होतो. तरी तहान जाईना."

 तो गेल्यावर आजोबा बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बिस्मिल्ला न म्हणता नटाला हात लावला. चार वेढे बाहेर. माझी दांडी कलली. ती नटामुळे कलली आहे हे कोणाला कळू नये म्हणून त्यांनी मोठे वजन वीसवर सरकवून ठेवले.

"एक दिवस जेवू दे त्याला," ते माझ्याशी पुटपुटले. "जेवला की मी परत फिरवतो. तिकडे गेल्यावर काढतीलच की घाम."

मित्रांनो, मला तोंड नाही. असते तर मी ओरडलो असतो.

सोमवारी मी त्र्याहत्तर किलो नऊशे दाखवले. खरे वजन होते पंचाहत्तर शंभर. सैपुलाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आले. दुपारी तो चुपान आजोबांच्या घरी गेला आणि दोन वाट्या मटणाचा रस्सा आणि लसणीच्या चटणीबरोबर उकडलेल्या कणकेचे जाड खिंकाल खाऊन आजोबांच्याच पलंगावर झोपला. संध्याकाळी पुन्हा तालमीत आला तेव्हा वस्तादांनी त्याच्या गालांकडे पाहिले.

"मला हा जड दिसतोय," ते म्हणाले. त्यांनी माझ्या दांडीकडे हात नेला. मग चुपान आजोबांकडे पाहिले, आणि हात मागे घेतला.

मंगळवारी ते निघाले. विमानतळावर धुके उतरले आणि दोन दिवस विमान उडाले नाही. ते पोचले तेव्हा वजन द्यायला एक रात्र उरली होती आणि तिथल्या काट्याने खरे सांगितले. गरम पाणी झाले, ब्लँकेटे झाली. सैपुला दोनदा कोसळला. सकाळी तो सत्तर किलो सातशे भरला. चारशे ग्रॅम जास्त. डॉक्टरांनी त्याला लढूही दिले नाही. पट्टा एकही ठोसा न लागता गेला, आणि सैपुला आठ दिवस दवाखान्यात पडून राहिला.

बातमी कळली त्या दिवशी चुपान आजोबा माझ्याजवळ आले. त्यांचा हात नटापर्यंत आला आणि थांबला. नट फिरवला असता तर चूक कोणालाच दिसली नसती. न फिरवावा तर मी खोटाच राहणार होतो. त्यांना दोन्हीची भीती वाटत होती. हात परत गेला.

गावात कुजबुज सुरू झाली, ती वस्तादांबद्दल. म्हातारे झाले, लक्ष राहिले नाही. शेवटी एका शुक्रवारी नमाजानंतर वस्तादांनीच सगळ्यांना तालमीत बोलावले. वडील मंडळी बाकांवर, मुले मॅटवर, बायका दाराशी. सैपुला दवाखान्यातून आदल्याच दिवशी आला होता.

"मी तालीम बंद करतोय," वस्ताद म्हणाले. "ज्याला स्वतःच्या पोराचं वजन सांभाळता येत नाही, त्याने तुमची पोरं कशाला ठेवून घ्यायची?"

मॅटवर चाळीस मुले बसली होती. एकही हलले नाही.

सैपुला उठला. "वस्तादांचा काही दोष नाही. मीच चोरून खाल्लं."

"बस खाली," वस्ताद म्हणाले. "गोटे काय ते एकदाच लपवलेस तू. खोटं तुला कधीच नीट जमलं नाही."

आणि मग मुलांतून मार्झियात उभी राहिली. आता ती दहा वर्षांची होती.

"आजोबा, एक विचारू? शाळेतल्या नर्सबाईंच्या काट्यावर मी एकोणतीस शंभर. आपल्या काट्यावर सत्तावीस नऊशे. आज सकाळी दोन्हींकडे जाऊन पाहिलं. असं कसं?"

"शाळेचा बिघडला असेल," बाकावरचे एक आजोबा म्हणाले. "कोणाच्या काट्याबद्दल बोलतेयस, पोरी? आपल्या आजोबांच्या?"

"बिघडला नाहीये. त्यावर बाईंनी साखरेचा एक किलोचा पुडा तोलून..." बोलता बोलता ती झोकांडली. सैपुलाने तिला धरले. त्याने तिचे ओठ पाहिले. तो चांगला ओळखत होता तसले ओठ.

"आज काय खाल्लंस?"

"काही नाही. काल पण नाही. मला अठ्ठावीसच्या गटात बसायचंय." ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही नाही का सोडत जेवण?"

चुपान आजोबा पुढे आले. त्यांनी डोक्यावरची मेंढीच्या कातड्याची उंच टोपी काढली. गावाने त्यांना कधी बोडक्या डोक्याने पाहिले नव्हते. टोपी त्यांनी माझ्या पाटावर ठेवली.

"नट मी फिरवलाय," ते म्हणाले. "बाराशे ग्रॅम. याची दशा बघवली नाही मला. वाटलं, एक दिवस जेवेल. नंतर सांगायची हिंमत झाली नाही. पट्टा मी घालवला. वस्तादाला बोल लागत होता तोही मी मुकाट ऐकला."

 बाहेर कोणाच्या तरी धाब्यावर जर्दाळू उलथत असल्याचा सरसर आवाज येत होता.

सैपुलाने टोपी उचलली, झटकली आणि दोन्ही हातांनी आजोबांच्या डोक्यावर ठेवली.

"आजोबा, नट फिरवण्यापेक्षा मला 'पोरा, पुरे झालं' असं म्हणाला असतात तर?"

"ऐकलं असतंस?"

सैपुलाने विचार केला. "नाही. भांडलो असतो तुमच्याशी. पण तेच बरं झालं असतं."

"आणि मला ते दिसत होतं," वस्ताद हळूच म्हणाले. "याचे गाल बघून मला कळलं होतं. पण चुपान, तुला राग येईल म्हणून दुसऱ्या काट्यावर बघितलं नाही. चारशे ग्रॅम तुझे धर, बाकीचे माझे."

"आधी हिशेब कर," चुपान आजोबा म्हणाले. "बाराशेतून चारशे गेले की आठशे. तेवढं तुला पेलायचं नाही." कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले, आणि तालीम बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

सैपुला त्या गटात परत गेला नाही. वरच्या गटात, भरल्या पोटाने, तो आणखी दोन लढती खेळला. एक जिंकला, एक हरला. पट्टा काही मिळाला नाही. आता तो इथेच मुलांना शिकवतो. माझ्या शेजारी तो काचेचा काटाही असतो, पीठ झटकून आणलेला. दर शुक्रवारी चुपान आजोबा स्वतः एका मुलाला दोन्ही काट्यांवर चढवतात. साठ वर्षे मला वाटायचे, कोणी मला पुन्हा तपासले तर माझा अपमान होईल. तसे काही होत नाही. उलट बरे वाटते.

मित्रांनो, म्हाताऱ्या काट्याची एवढी विनंती ऐका. मी फक्त आकडा सांगतो, तुम्ही किती चांगले आहात हे मला सांगता येत नाही. माझ्या भीतीने उपाशी राहू नका. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला बरे वाटावे म्हणून माझा नट फिरवू नका. जवळ बसा, भांडा, पण खरे काय ते सांगा.

त्या शुक्रवारचे थोडे सांगायचे राहिले. आजोबांनी सगळ्यांसमोर बिस्मिल्ला म्हणून नट चार वेढे आत घेतला. माझी दांडी तीनदा झुलली आणि सरळ झाली. मार्झियात माझ्यावर चढली. एकोणतीस शंभर. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी तीसच्या गटात," ती म्हणाली. "तिथे त्या वरच्या गावची झुमरूद आहे. ती आपटते मला."

"आपटू दे," सैपुला म्हणाला. "उठायला तरी बळ राहील."

त्याच्या आईने वडील मंडळींसाठी टोपलीभर चुदू आणले होते, आत चीज भरलेल्या गरम पोळ्या. तिने एक गुंडाळून मार्झियातच्या हातात दिला. मुलगी पाटावरून उतरायला तयार नव्हती. चुदू हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. आजोबांनी छोटे वजन जरा पुढे सरकवून दांडी पुन्हा सरळ केली. मग दांडीवर डोळे रोखून तिने एक घास घेतला. दांडी हलली नाही. दुसरा घास. तरी नाही. हातातला सगळा चुदू पोटात गेला आणि दांडी होती तिथेच, कारण हातातले तेवढेच पोटात गेले होते, मित्रांनो, नवे काही आले नव्हते. मार्झियात थोडा वेळ त्या सरळ दांडीकडे पाहत राहिली. मग तिने ओठांवरचे लोणी जिभेने पुसले, सैपुलाच्या आईपुढे हात केला आणि दुसरा चुदू मागितला.